कानात सांगितलेली नावं

सोलापूर
गुरुवार, दुपार

प्रिय अंकिता,

प्रभूमध्ये सलाम. तू आठ दिवस फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला असं समजू नकोस. उचलला असतास तरी हे मी फोनवर सांगितलं नसतं. फोनवर तू मधे बोलतेस, आणि एकदा तू बोलायला लागलीस की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायला लागतं. कागदात तुला घुसता येत नाही. शेजारची समरा म्हणाली, दादी, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी तिला घरी हाकलली. कॉलेजच्या पोरीला सांगून लिहवून घेण्यासारखं हे नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला नावं ठेवत बसू नकोस, पुढे वाच. उद्या सकाळी समराचे अब्बा, आपले रहिमतुल्लाभाई, टॉवेल-चादरी घेऊन माढ्याला निघतील. दर शुक्रवारी येतातच. त्यांना बजावून सांगितलंय, तिच्याच हातात द्या, कल्लप्पा पाळकांच्या घरात देऊ नका. म्हणजे शनिवारी अकराला तुझ्या तक्रारीवर समिती बसायच्या आधी हे तुझ्या हातात असेल. वाचून झाल्यावर भिंतीवर आपटायला काहीतरी जवळ ठेव. मोबाईल आपटू नकोस, नवा आहे.

तुझी तक्रार मी ऐकली. मोबाईलवर पाठवलीस आणि खाली लिहिलंस, आज्जी, बघ, मी गप बसणारी नाही. छापील सात पानं. समरा ओट्यावर बसून वाचत होती आणि मी शेंगा फोडत होते. ‘माझी क्षमता’ हा शब्द नऊ वेळा आला, तो तिने मोजला, मी नाही. देवशास्त्राची बी.डी. करून माढ्याच्या देवळात शिकाऊ म्हणून आलेल्या मुलीला अकरा महिन्यांत एकदाही उपदेशाला उभं केलं नाही, रविवारचा शास्त्रपाठसुद्धा वाचू दिला नाही. तुझ्यानंतर सहा महिन्यांनी अकलूजला लागलेला तुझ्याच कॉलेजचा पोरगा तिथे एक रविवार सोडून उपदेश करतो. आणि उत्तम शुक्रवारी तर कळस झाला. वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायचं ही आपली पद्धत. शाळेच्या मास्तरांना एक उद्गार दिला, डेअरीतल्या क्लार्कला एक दिला, अकलूजच्या त्या पोराला गाडीभाडं देऊन बोलावला आणि त्यालाही दिला. तू पाचवा, तहानेचा, महिनाभर घोकून तयार ठेवला होतास. तुला सांगितलं, बाहेर मांडवात माठ भरून ठेव, तीन तास उन्हाचे आहेत, लोकांना पाणी दे. तू दिलंस. मग खोलीवर जाऊन तक्रार लिहिलीस. तुझ्या जागी मी असते तर तिथल्या तिथे माठ फोडले असते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना आज्जी पाळकांची वकिली करते असं वाटायला नको.

पण मधली तीन पानं आली तेव्हा शेंगा फोडायचा माझा हात थांबला. त्यावर तू मथळा दिलायस, ‘पाळकीय प्रशिक्षणाशी संबंध नसलेली कामे’. खाली सगळं तारीखवार. निंगव्वा, अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखमा, मुलगा-सून मजुरीला बाहेरगावी गेलेले, म्हणून रोज सकाळी जाऊन तिची पाठ धुणे, कूस बदलणे. तिच्या नातवाचा शाळेचा दाखला अडला होता तो आणण्यासाठी चार खेपा. वस्तीतल्या तिघी बायांची मयतं धुतली. त्यातल्या एकीला मागे कोणी नव्हतं म्हणून पेटीला खांदा पण दिला. प्रभुभोजनाचे दीडशे पेले दर महिन्याला धुणे. कोणाचा नवरा पितो, कोणाची सून माहेरी का गेली, कोण कोणाशी बोलत नाही म्हणून दोघांना एका बाकावर बसवायचं नाही. वाचता वाचता समरा थांबली आणि म्हणाली, ‘दादी, इसकू तो पूरी बस्ती का मालूम है. हमारे नगरसेवक कू हमारी गल्ली का नाम नै मालूम.’ मी हसले नाही. एरवी हसले असते.

शनिवारी काय होणार ते तुला माहीत आहे, पण तू ते रागाच्या भरात वाचलं असशील, म्हणून पुन्हा लिहिते. समितीचे तिघे येणार. कल्लप्पा पाळकांना समोर उभं करणार. बाई आहे म्हणून तुला अडवलं का, असं विचारणार. ते हो म्हणाले किंवा नुसते गप राहिले, तरी त्यांची पाळकाची सनद काढून घेणार. निवृत्तीला सहा आठवडे राहिलेत. सनद गेली की त्यांनी प्रभुभोजन द्यायचं नाही, बाप्तिस्मा द्यायचा नाही, कोणाला मातीही द्यायची नाही. निरोपाची सभासुद्धा होणार नाही. आणि तुला पाळकाची दीक्षा देऊन इथेच सोलापुरात मोठ्या देवळाच्या मंडळीत नेमायचं, हे त्यांचं ठरल्यासारखंच आहे. समितीतला एक जण मागच्या रविवारी घरी येऊन सांगून गेला. वर पेढे मागत होता. मी म्हटलं, पेढे नाहीत, शेंगा आहेत. शेंगा खाऊन गेला.

मंगळवारी कल्लप्पांचा फोन आला. त्यांचं बोलणं तुला माहीतच आहे, दोन शब्दांत भाकरी भाजून होते. म्हणाले, ‘सारजाक्का, शनिवारी मी तोंड उघडणार न्हाय. तुमी बी उघडू नका. पोरीचं चांगलं होतंय की, हू द्या.’ मी विचारलं, आणि तुमचं? तर म्हणाले, ‘माझं काय, मी गिरणीतला माणूस. सनद नव्हती तवा बी जगत होतो.’ आणि ठेवून दिला.

गिरणीतला माणूस म्हणजे काय ते तुला कोणी सांगितलं नसेल. तू त्यांना पाहिलंस ते पाळक म्हणून, आणि तेही उपदेशाला उभे राहिले की लोकांना पंख्याचा आवाज जास्त ऐकू येतो असे. मी त्यांना पाहिलं ते गिरणी बंद पडल्यावर देवळात येऊन बसायचे तेव्हा. मी तेव्हा देवळाची झाडलोट करायची आणि मंडळीत बाई मेली की तिला आंघोळ घालायला मला बोलवायचे. पुरुष मेला की पंचाईत. घरचे पुरुष रडायला पुढे, हात लावायला मागे. एक दिवस मीच म्हटलं, अरे कल्लप्पा, नुसता बसतोस, चल. तेव्हा मी त्याला अरे-तुरे करायची. तेव्हापासून बायकांची मयतं मी आणि पुरुषांची ते, अशी वीस वर्षं. घर एकच असायचं. पुढच्या खोलीत मंडळी गाणी म्हणायची आणि आम्ही मागे बादल्या भरायचो. माणसाची नखं कापताना, दाढी करताना त्याच्या घरातलं सगळं कळतं. कोण दारातून आत येतंय, कोण येत नाही. त्यातूनच त्यांना लोक सुवार्तिक, म्हणजे वचन सांगणारा, म्हणायला लागले, आणि चाळिशीनंतर पाळक. कोणी निवडून मोठा केलेला माणूस नाही. म्हणून बोलता येत नाही आणि म्हणून मरणाऱ्या माणसाला तेच हवे असतात.

आता तुझ्या बापाचं. तुला आम्ही लहानपणी सांगितलं की पृथ्वीराज इतका चांगला उपदेश करायचा की मंडळीतले जुने लोक जळले आणि त्याला काढला. तू ते धरून बसलीस. तुझ्या तक्रारीतही एक वाक्य आहे, माझ्या वडिलांसोबतही हेच झाले. ते वाक्य ऐकून मी समराला म्हटलं, आजच्यापुरतं बस. खोटं आहे ते अंकिता. मीच सांगितलेलं आहे आणि खोटं आहे. तुझ्या बापाला कोणी अडवलं नाही. चोविसाव्या वर्षी त्याला शहरातली मंडळी मिळाली. जीप करून बार्शीहून लोक त्याला ऐकायला यायचे. वचनं तोंडपाठ, आवाज असा की मागच्या बाकावरची म्हातारी पदर सावरून बसायची. फक्त त्याला माणसं माहीत नव्हती. आजाऱ्याकडे जायला सांगितलं की म्हणायचा, आई, तू जाऊन ये ना, मला रविवारची तयारी आहे. मी जायची. आणि रविवारी उपासना सुटली, लोक सलाम करायला दारात आले, की मी त्याच्या डाव्या खांद्यामागे उभी राहायची, त्याचा रुमाल आणि पाण्याची बाटली घेऊन. कोणी जवळ आलं की हळूच कानात सांगायची. ही शिवबाई, नवरा दवाखान्यात आहे. हा अमुक, याच्या मुलीचं लग्न मोडलं. लगेच तो पुढे वाकून म्हणायचा, शिवबाई, मालकांना आता बरं वाटतंय ना? शिवबाईच्या डोळ्यांत पाणी. लोक म्हणायचे, एवढी मोठी मंडळी, पण साहेबांना प्रत्येकाचं ठाऊक. मला काय वाटायचं सांगू? लई भारी वाटायचं. माझं पोरगं मोठं दिसतंय आणि ते मी करतेय, हे कोणालाही माहीत नाही, याचाही एक मोठेपणा असतो. मी त्याला सेवा म्हणायची.

मग गौरम्मा गेली. विड्या वळणारी होती, विधवा, तेलुगू घर, धाकट्या बहिणीकडे राहायची. बहिणीचं नाव रत्नम्मा. एप्रिलचा महिना, सकाळी गेली. मैदानावर पृथ्वीराजच्या तीन दिवसांच्या सभा चालू होत्या. बोलवायला माणूस गेला तर म्हणाला, चारला येतो. मयत तोवर उन्हात तापलेल्या पत्र्याखाली. मी आत तिला आंघोळ घातली, साडी नेसवली, पेटीत ठेवली, पेटी अंगणात नेली. तो आला तेव्हा मी मागे न्हाणीत घंगाळ धूत होते. लुगडं पिळून काढावं इतकं भिजलेलं, तशी पुढे कशी जाणार. भिंतीपलीकडून त्याचं बोलणं ऐकू येत होतं. असं सुंदर बोलत होता की न्हाणीत मीच रडायला लागले. आणि तो म्हणाला, आपली प्रिय भगिनी रत्नम्मा आज प्रभूजवळ गेली. मला वाटलं, माझा कान चुकला. त्याने पुन्हा म्हटलं. मी घंगाळ टाकून तशीच ओली धावले, आणि मी अंगणात पोचेपर्यंत तिसऱ्यांदा म्हणून झालं. रत्नम्मा पेटीच्या डोक्याशी बसली होती. ती उठली. मोठ्याने नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘नेनिंका चावलेदय्या.’ मी अजून मेले नाही बाबा. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी तेलुगू लोकांची अकरा घरं देवळात आली नाहीत. पंचांनी पृथ्वीराजला नुसतं विचारायला बोलावलं होतं, की जाऊन माफी मागा. तो म्हणाला, एका नावावरून एवढं? आणि राजीनामा देऊन पुण्याला गेला. आता विम्याचं काम करतो. तिथेही चांगलंच बोलत असेल. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस, शाळेसाठी माझ्याकडे राहिलीस, आणि रोज विचारायचीस, पप्पांना का काढलं. लोक जळले, एवढं सांगणं मला सोपं पडलं. त्याला नावं सांगून सांगून मीच आंधळा ठेवला, हे नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगायचं. हे त्यालाही मी आजवर सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीचा महिला रविवार आठवतो? तू कॉलेजातून आली होतीस, पहिल्यांदा आपल्या देवळात बोललीस. वीस मिनिटं. माझ्या शेजारची बाई हुंदके देत होती. बापाचाच आवाज, बापापेक्षा डोकं चांगलं. मी खूश होते, खोटं कशाला बोलू. मग दारात तू उभी राहिलीस, लोक सलाम करायला आले, आणि तू मागे वळून मला विचारलंस, आज्जी, ती निळ्या साडीतली कोण गं, माझा हात धरून रडत होती ती? ती शिवबाई होती. मला गुडघ्याचं दुखणं झालं तेव्हा दोन वर्षं तुझा शाळेचा डबा तिच्या घरून यायचा. तुझी वेणी तिने घातलेली आहे. पण ते राहू दे, माणूस विसरतं. मला धसका बसला तो वेगळ्याचाच. तू विचारलंस आणि माझं तोंड आपोआप तुझ्या कानाशी गेलं. तिचं नाव सांगितलं, मुलाला नोकरी लागली तेही सांगितलं. आणि तू लगेच पुढे होऊन म्हणालीस, शिवबाई मावशी, दादाला नोकरी लागली ना? जशीच्या तशी. त्या दिवशी घरी आल्यावर मला भाकरी गेली नाही. तुला वाटलं उन्हाने.

म्हणून मागच्या जूनमध्ये, तू माढ्याला रुजू व्हायच्या चार दिवस आधी, मी एस.टी.ने तिथे जाऊन आले. तुला सांगितलं होतं अक्कलकोटला भाचीकडे जाते. कल्लप्पा देवळात एकटेच खिडक्या पुसत होते. मी म्हटलं, माझी नात येते, तिला बोलायला उभी करायची नाही. शास्त्रपाठ पण द्यायचा नाही. जे आपण मागच्या दाराने केलं ते सगळं तिला करू द्या, आणि माणसांचं काही सांगू नका, तिचं तिला कळू द्या. ते म्हणाले, पोरीला सांगा आणि मग करा. मी म्हटलं, सांगितलं तर ती उपास धरल्यासारखं करील. चाळीस दिवस करील, फोटो टाकील, आणि एक्केचाळिसाव्या दिवशी त्याच्यावरच उपदेश देईल. ते हसले, पण लगेच गंभीर झाले. म्हणाले, ‘सारजाक्का, तिच्याबरोबरची पोरं बोलत्याल आणि ही न्हाय. बाई हाय म्हणून केलं आसं तिला वाटंल.’ मी म्हटलं, वाटू द्या. म्हणाले, ‘तीन महिने. वर एक दिस न्हाय.’ आणि कोणाला सांगणार नाही असा शब्द दिला. तो शब्द ते अजून पाळतायत. तू त्यांच्यावर सात पानं लिहिलीस तरी पाळतायत.

तर तुला अडवलं ते त्यांनी नाही. मी. आता पुढचं ऐक, कारण एवढ्यावर थांबले तर मी फार शहाणी ठरेन, आणि मी तेवढी शहाणी नाही.

सप्टेंबरात तीन महिने झाले. त्यांनी फोन करून विचारलं. त्याच आठवड्यात मी तुला सहज विचारलं होतं, ज्या बाईची पाठ धुतेस तिचं नाव काय. तू म्हणालीस, अगं ती कन्नड म्हातारी, काहीतरी अवघड नाव आहे. मी कल्लप्पांना सांगितलं, अजून नाही. तिथवर मी आजही खाली मान घालणार नाही. मग डिसेंबरात एकदा तू फोनवर न विचारता म्हणालीस, निंगव्वाला आज संध्याकाळी सुनेचा फोन येणार आहे म्हणून सकाळपासून वेणी घालून हवी होती. तू तिला म्हटलंस, वेणी फोनवर कुठं दिसणार, तर निंगव्वा म्हणते, मला दिसते ना. आणि तू हसलीस. तेव्हा मला कळलं की झालं. त्याच दिवशी मी कल्लप्पांना फोन करायला हवा होता. त्यांनीच केला. ‘नाताळाला बोलू दे तिला,’ म्हणाले. मी म्हटलं, नाताळ होऊ दे. फेब्रुवारीत पुन्हा केला. मी म्हटलं, पुनरुत्थानाचा सण होऊ दे. उत्तम शुक्रवारच्या आधी तर ते चिडले. ‘सारजाक्का, एक उद्गार. धा मिनिटं. तिनं पाचवा तयार केलाय, पाठ म्हणती मागच्या खोलीत, मी ऐकलाय, चांगला हाय.’ मी नाही म्हटलं. का म्हटलं ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. तू बापासारखी होशील अशी भीती वाटते, असं मी त्यांना सांगितलं. तेही खोटं नव्हतं, पण खरं ते नव्हतं.

खरं असं आहे की रोज सात वाजता तुझा फोन यायचा. अर्धा तास तू कल्लप्पांना शिव्या घालायचीस, आणि शिव्या संपल्या की हळूहळू एकेका माणसाचं सांगायला लागायचीस. मी गॅस बारीक करून ऐकत बसायची. तुला बोलायला जागा नव्हती म्हणून तू मला बोलायचीस. एकदा ती जागा मिळाली की तुझ्या बापासारखा नाताळाला आणि वाढदिवसाला फोन येईल, हे मला कळत होतं. डिसेंबरपर्यंतचे महिने मी देवासाठी घेतले असं म्हणेन, त्याला मान्य नसेल तर तो बघेल. डिसेंबरनंतरचे पाच महिने मी माझ्यासाठी घेतले. त्यातच तो उत्तम शुक्रवार आला. पोराला सांगून बिघडवलं आणि नातीला न सांगता अडवलं. बाईला बाईनेच अडवलं, आणि वर नाव देवाचं. पुरुषांनी अडवलं असतं तर निदान तू भांडून जिंकली असतीस.

गप बसले असते तर सगळं सोयीचं झालं असतं, हे मी तीन दिवस घोळवलं. तू जिंकतेस, दीक्षा होते, सोलापुरात माझ्या डोळ्यांसमोर येतेस, रोज जेवायला घरी. कल्लप्पा काही बोलत नाहीत. कोणाला कळायचं कारण नाही. फक्त एक साधा माणूस, ज्याने सगळ्या गावाचे बाप धुतले, त्याला उद्या कोणाच्या मातीला उभं राहता येणार नाही. आणि तू पहिला उपदेश करशील तो त्याच्या अंगावर उभी राहून. तुला ते माहीत नसेल, पण मला असेल, आणि मला पहिल्या बाकावर बसून तो ऐकावा लागेल.

म्हणून शनिवारी मी सकाळी साडेसातच्या गाडीने निघते आणि अकराच्या आधी तिथे पोचते. समितीपुढे उभी राहून हे सगळं सांगणार आहे. कल्लप्पांना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. याचा तुला तोटा होईल. घरच्यांनी ढवळाढवळ केली असं म्हणून ते तुझी दीक्षा वर्षभर पुढे ढकलतील, कदाचित देणारच नाहीत. होणार नाही असं मी खोटं सांगणार नाही. मी एकदम उठून बोलले असते तर चार लोकांत तुझ्या पायाखालची जमीन सरकली असती, ती आज तुझ्या खोलीत एकटीची असताना सरकावी, एवढ्याचसाठी हे पत्र. माफी मागत नाही. ती तू देशील आणि मोकळी होशील, आणि मी पण होईन, ते इतक्या लवकर नको. तक्रारही मागे घेऊ नकोस. बाईला अकरा महिने तोंड उघडू दिलं नाही हा अन्यायच आहे, तो कागदावर राहू दे. मधली तीन पानं आहेत तशी ठेव, फक्त वरचा मथळा काढ. आणि सातव्या पानावर, जबाबदार व्यक्ती असं लिहून पुढे कल्लप्पांचं नाव घातलंयस, ते खोड. तिथे लिही, सारजाबाई याकोब भालेराव, राहणार सोलापूर. मग कोणाला वाचायला देऊ नकोस, तूच उभी राहून वाच. त्यांनी विचारलं, हे खरं का, की मी हो म्हणेन.

तुझीच, तू बोललीस तरी आणि नाही बोललीस तरी,
आज्जी